कचकड्याचे सत्य : द्रव्य, अनुकृती आणि समीक्षेची परिभाषा

१

मराठी समीक्षेत मूल्यवाचक म्हणून वावरणारे कितीतरी शब्द मुळात सराफकट्ट्यावरचे आहेत. ‘निकष’ आणि ‘कसोटी’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ सोने घासून पाहण्याचा दगड. ‘बावनकशी’, ‘बेगडी’, ‘मुलाम्याचे’ ही विशेषणेही त्याच पेठेतून आलेली. साहित्यकृतीला ती लावताना समीक्षक नकळत सोनाराची भूमिका पत्करतो आणि या भूमिकेबरोबर एक गृहीतकही पत्करतो : वस्तूचे मोल तिच्या द्रव्यात असते, आणि बाह्य रूप जर दुसऱ्याच द्रव्याची जाणीव करून देत असेल तर तो केवळ उणेपणा नसून दोष होय, किंबहुना नैतिक दोष होय. मराठी भाषेने या गृहीतकाला आणखी बळ दिले आहे. मोती खोटे असतात आणि साक्षही खोटी असते. दागिन्याला आणि शपथेला एकच विशेषण पुरते.

या शब्दांच्या मालिकेत एक शब्द वयाने लहान, पण अधिक बोलका आहे. कादंबरीतील पात्रे निर्जीव वाटली की ती ‘कचकड्याच्या बाहुल्या’ ठरतात. हा शेरा इतका रुळला आहे की त्यातील कचकडे म्हणजे नेमके काय, हे विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. कचकडे म्हणजे मुळात कासवाच्या पाठीचे कवच. त्याचे कंगवे होत, डब्या होत. पुढे युरोपातून, अमेरिकेतून आणि जपानमधून सेल्युलॉइडच्या वस्तू येऊ लागल्या तेव्हा मराठीने या नव्या पदार्थासाठी नवा शब्द घडवला नाही. ज्याची नक्कल तो पदार्थ करीत होता त्याचेच नाव त्याला देऊन टाकले. कासवाचे नाव कारखान्यातील पदार्थाला मिळाले आणि यथावकाश मूळ अर्थ मागे पडून नकलेचा अर्थच रूढ झाला. आज ‘कचकड्याचे’ म्हटल्यावर कासव कोणालाच आठवत नाही. आठवते ते ठिसूळ, पोकळ, कृत्रिम असे काहीतरी.

एकाच शब्दाने अस्सल आणि नक्कल अशा दोन्ही बाजू क्रमाने सांभाळाव्यात, ही गोष्ट समीक्षेच्या वरील गृहीतकाला अडचणीत आणणारी आहे. खोटे मोती आणि खोटी साक्ष यांतील खोटेपणा एकाच जातीचा आहे काय? नसेल, तर अनुकृती केव्हा निर्दोष असते आणि केव्हा अपराध बनते? या प्रश्नाचा विचार सेल्युलॉइडच्या इतिहासाच्या आधारे करता येतो, कारण अनुकरण हाच ज्याचा प्रारंभीचा व्यवसाय होता असा हा पदार्थ आहे.

२

१८४६ साली शेनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून एक स्फोटक पदार्थ मिळवला. बंदुकीच्या दारूचा हा भाऊबंद सौम्य स्वरूपात विरघळवता येतो आणि त्याला आकार देता येतो, हे लवकरच ध्यानात आले. अलेक्झांडर पार्क्स याने १८६२ च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात आपल्या ‘पार्कसीन’ या पदार्थाच्या वस्तू मांडल्या. पण त्याची कंपनी फार काळ टिकली नाही. अमेरिकेत आल्बनी येथे जॉन वेस्ली हायट हा बिलियर्डच्या चेंडूसाठी हस्तिदंताला पर्याय शोधत होता. त्याने आणि त्याच्या भावाने नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून उष्णता व दाब यांच्या साहाय्याने त्याला हवा तो आकार देण्याची कृती सिद्ध केली आणि १८७० मध्ये तिचे पेटंट घेतले. हेच सेल्युलॉइड.

या पदार्थाला स्वतःचे असे रूप नव्हते. रंगहीन, अर्धपारदर्शक, कोणताही रंग आणि कोणतीही आकृती घेण्यास तयार असा तो होता, आणि बाजारात येताना त्याने इतरांची रूपे घेतली : हस्तिदंताचे, कासवाच्या कवचाचे, पोवळ्याचे, शिंपल्याचे, तागाच्या कापडाचे. यांतील कापडाचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कचेऱ्यांतून काम करणाऱ्या कारकुनाला पांढरीशुभ्र, ताठ कॉलर आवश्यक होती. पण ती रोज धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून घेणे त्याच्या पगारात बसत नसे. सेल्युलॉइडची कॉलर ओल्या फडक्याने पुसली की स्वच्छ होई. तिच्या काही प्रकारांत आत खरे कापड असे आणि वर सेल्युलॉइडचा थर. म्हणजे ‘अस्सल’ द्रव्य गाभ्यात होते. तरीही कॉलर खोटीच ठरली. सोनाराचा निकष येथे चालत नाही.

हस्तिदंताची नक्कल आणखी सूक्ष्म होती. दोन किंचित भिन्न छटांचे पातळ थर एकावर एक दाबून, ते आडवे कापून हस्तिदंतातील रेषांचा भास निर्माण केला जाई. ‘फ्रेंच आयव्हरी’सारख्या नावांनी विकले जाणारे कंगवे, आरशांच्या मुठी, पावडरीचे डबे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मध्यमवर्गीय स्त्रियांच्या प्रसाधनाच्या टेबलांवर आले. तज्ज्ञ मात्र ही नक्कल सहज ओळखतो. कारण खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचे जाळे असते आणि नकलेत केवळ समांतर, फार व्यवस्थित रेषा असतात. नक्कल फसते ती अपुरेपणामुळे नव्हे, अतिरिक्त नीटनेटकेपणामुळे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३

द्रव्याच्या फसवणुकीविषयी एकोणिसाव्या शतकात सर्वांत कठोर भूमिका घेणारा लेखक म्हणजे जॉन रस्किन. १८४९ मधील त्याच्या वास्तुकलाविषयक ग्रंथात एका द्रव्यावर दुसऱ्या द्रव्याचा भास रंगवणे हा त्याने सरळ असत्याचाच प्रकार मानला आहे. परंतु याच रस्किनने केलेला एक अपवाद त्याच्या नियमापेक्षा मोलाचा आहे. वास्तूवरचा सोनेरी मुलामा फसवणूक नव्हे, कारण तेथे सोने आहे असे कोणी समजत नाही. तोच मुलामा दागिन्यावर असेल तर फसवणूक होय, कारण तेथे पाहणारा तसे समजतो. म्हणजेच असत्य द्रव्यात नाही आणि सादृश्यातही नाही. ते घडवणारा व पाहणारा यांच्यातील संकेतावर अवलंबून आहे.

भारतीय साहित्यविचाराने हा मुद्दा बऱ्याच आधी आणि अधिक बारकाईने हाताळला होता. शंकुकाने नटाच्या अनुकरणाचे स्वरूप सांगताना चित्रातील घोड्याचा दृष्टांत घेतला. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ अशी जी प्रतीती येते ती सम्यक् ज्ञान नाही, मिथ्या ज्ञान नाही, संशय नाही आणि केवळ सादृश्यज्ञानही नाही. ती या चारींहून वेगळी आहे. भट्टतौताने आणि त्याच्या मागोमाग अभिनवगुप्ताने अनुकृतिवादाचे खंडन केले हे खरे. पण अनुकृतीची प्रतीती सत्य आणि असत्य या द्वंद्वात कोंबता येत नाही, हे शंकुकाचे निरीक्षण त्या खंडनानंतरही उरते. सावंतवाडीची लाकडी फळे पाहणाऱ्याला याचा पडताळा येतो. आंबा, केळे, सीताफळ हुबेहूब साधलेले असते. पण ते खाण्यासाठी कोणी हात पुढे करीत नाही, आणि कारागिराला कोणी लबाड म्हणत नाही. पाहणारा फसत नाही म्हणूनच त्याला आनंद होतो.

मग सेल्युलॉइडची कॉलर लबाड का ठरावी? तिच्या मालकाला ती काय आहे हे ठाऊक होते, दुकानदाराने ती त्याच नावाने विकली होती, आणि जवळून पाहणाऱ्या बहुतेकांनाही ते कळत असावे. येथे फसवणुकीचा आरोप ज्ञानाच्या पातळीवर टिकत नाही. तो टिकतो सामाजिक पातळीवर. कॉलरने तागाची नक्कल केली याचा राग कोणाला नव्हता. कारकुनाने सभ्य गृहस्थाची नक्कल केली, याचा होता. ‘खोटे’ या शब्दात येथे ‘आपल्या पायरीला न शोभणारे’ असा अर्थ शिरला आहे.

महाभारतातील मयसभेच्या प्रसंगात हेच घडते. स्फटिकाची भूमी पाहून दुर्योधनाला पाण्याचा भास होतो आणि पाणी पाहून भूमीचा. सभा फसवी असली तरी तेथे अनर्थ घडवतो तो भास नव्हे. फसलेल्याला हसणाऱ्यांचे हसणे अनर्थ घडवते. खोटे मोती घालणाऱ्या स्त्रीकडे पाहून होणारी कुजबुज आणि कचकड्याच्या बाहुलीविषयी समीक्षकाने केलेला शेरा, या दोहोंत त्या हास्याचा अंश नाही ना, हे तपासायला हवे. अस्सलतेची कसोटी पुष्कळदा सत्याची नसून ऐपतीची कसोटी असते. चिनी मातीची नाजूक बाहुली ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या मुलींच्या हाती कचकड्याची बाहुली आली होती, ही साधी वस्तुस्थिती त्या शेऱ्यात पुसली गेली आहे.

४

येथवरच्या युक्तिवादाचा निष्कर्ष अनुकृतीला सरसकट निर्दोष ठरवणारा वाटेल. तो तसा नाही, आणि याचे कारण महाभारतातीलच दुसऱ्या एका वास्तूत सापडते.

वारणावतातील लाक्षागृह हेही रूप आणि द्रव्य यांच्यातील विसंवादाचे उदाहरण आहे. बाहेरून ते राजपुत्रांना शोभणारे निवासस्थान. आतून लाख, तूप, तेल अशा ज्वालाग्राही पदार्थांची रास. युधिष्ठिराने ते ओळखले डोळ्यांनी नव्हे, वासाने. मयसभा आणि लाक्षागृह दोन्ही भासावर उभी आहेत. मग नैतिक फरक कोठे आहे? मयसभेत एक द्रव्य दुसऱ्यासारखे दिसते, एवढेच. लाक्षागृहात द्रव्य आपले पुढचे वागणे लपवते. ते राहणाऱ्याचे काय करणार आहे, हे त्याचे रूप सांगत नाही. असत्य सादृश्यात नसते. सादृश्याच्या आडोशाने दडवलेल्या परिणामात असते.

सेल्युलॉइड या अर्थाने लाक्षागृहाचे द्रव्य होते. स्फोटक कापसापासून जन्मलेला हा पदार्थ ज्योतीजवळ गेला की झपाट्याने पेटे. कंगवे केसांत होते, कॉलर गळ्याशी होती, बाहुल्या मुलांच्या हातांत होत्या. हस्तिदंतही नाही आणि कासवाचे कवचही नाही असे हे द्रव्य त्यांचे रूप घेऊन घरात शिरले तेव्हा त्या रूपांबरोबर त्यांच्या निरुपद्रवीपणाची हमीही आपसूक आली, आणि ती हमी खोटी होती. ब्रिटनमध्ये सेल्युलॉइड आणि चित्रपटाच्या फिती साठवण्याविषयी कायदा झाला तो १९२२ मध्ये, म्हणजे हायटच्या पेटंटनंतर बावन्न वर्षांनी. याच द्रव्यावर दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ साकारला. भारतीय मूकपटांपैकी आज फार थोडे उरले आहेत, आणि त्याच्या कारणांत या फितीचे आपसूक विघटन होणे आणि पेटणे हीही आहेत. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीतही जुन्या चित्रपटांच्या दुर्मीळ प्रती नष्ट झाल्या. हस्तिदंत वयाबरोबर पिवळा पडतो. सेल्युलॉइडला तडे जातात, त्यातून आम्लाचे वायू सुटतात, आणि संग्रहालयात शेजारी ठेवलेल्या वस्तूंनाही ते खराब करतात. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे रूप घेतले त्या पदार्थाचे स्वतःचे रूप त्याच्या नाशात प्रथम दिसते.

दुसरे लपवणे आहे ते उगमाचे. १८७८ च्या सुमारास कंपनीने आपल्या जाहिरातपत्रकात असा दावा केला होता की, खनिज तेलाने जसे देवमाशाला जीवदान दिले तसे सेल्युलॉइड हत्तीला, कासवाला आणि पोवळ्याला देत आहे. अनुकृतीचे हे नैतिक समर्थन आकर्षक आहे. तथापि पियानोच्या पट्ट्यांसाठी हत्ती त्यानंतरही कित्येक दशके मारले जात होते. शिवाय त्या दाव्यात कापराचा उल्लेख नाही. सेल्युलॉइडला लागणारा कापूर मुख्यतः तैवानच्या डोंगरांतील वृक्षांपासून येई. १८९५ मध्ये ते बेट जपानच्या ताब्यात गेले, १८९९ मध्ये कापरावर सरकारी मक्तेदारी आली, आणि कापराच्या जंगलांसाठी तेथील डोंगरी आदिवासींना पहाऱ्याच्या सीमारेषा पुढे पुढे सरकवीत मागे रेटण्यात आले. त्यासाठी लढायाही झाल्या. मराठी मनाला कापूर परिचित आहे तो आरतीतला, जळून मागे काहीही न ठेवणारा. बाहुलीतल्या कापरानेही मागे काही ठेवले नाही. पण ते अहंकाराचे विसर्जन नव्हते, उगमाचे विस्मरण होते.

लाक्षागृहाच्या कथेचा शेवट येथे पुन्हा वाचावा लागतो. पांडव सुटले आणि त्या घरात एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांसह जळाली. सहा देह मिळाले. हे पांडव आणि कुंती, असे लोकांनी मानले. त्या स्त्रीचे आणि तिच्या मुलांचे नाव कथेला ठाऊक नाही. अनुकृतीचा सर्वांत गंभीर अपराध हा आहे. एकाच्या जागी दुसरा उभा राहतो तो प्रकार कलेत नित्याचा. पण जागा घेणाऱ्याचे नाव पुसले जाते आणि त्या पुसण्यावरच साऱ्या भासाची यशस्विता अवलंबून असते, तेव्हा सादृश्य असत्याचे साधन बनते.

५

यावर विसाव्या शतकाने सुचवलेला उपाय म्हणजे द्रव्यनिष्ठा : प्रत्येक द्रव्याने स्वतःचेच रूप धारण करावे, दुसऱ्याचे नाही. बॅकेलाइटचा इतिहास या उपायाची परीक्षा घेतो. लिओ बेकलंड याने १९०७ मध्ये फेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून हा पूर्णतः कृत्रिम पदार्थ सिद्ध केला आणि १९०९ मध्ये तो जाहीर केला. विजेच्या उपकरणांसाठी लागणाऱ्या लाखेला पर्याय हवा, हा त्यामागील एक हेतू होता. आणि लाख येत होती ती मुख्यतः भारतातून, छोटा नागपूरसारख्या प्रदेशांतील जंगलांत आदिवासींनी गोळा केलेली. ग्रामोफोनच्या तबकड्यांतही हीच लाख होती. बॅकेलाइट सेल्युलॉइडसारखे पेटत नसे. गडद, जड आणि काहीसे गंभीर असे त्याचे रूप होते. टेलिफोन, विजेची बटने, रेडिओ यांतून त्याने असे आकार घेतले की जे लाकडात वा हस्तिदंतात साधले नसते. १९३४ मध्ये वेल्स कोट्स याने ब्रिटनमध्ये रचलेला वर्तुळाकार रेडिओ हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु तोच रेडिओ अक्रोडाच्या लाकडाच्या छटेतही काढण्यात आला. रूप स्वतःचे झाले तरी कांती उसनीच हवी होती.

रोलां बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये प्लास्टिकवर लिहिताना, पूर्वीच्या नकली द्रव्यांत मौल्यवान दिसण्याचा हव्यास होता आणि प्लास्टिकने मात्र साधे, घरगुती असणे मान्य केले, असा भेद केला आहे. हा भेद सूक्ष्म आहे. पण नैतिकदृष्ट्या तो पुरेसा नाही. प्लास्टिकची बादली तांब्याच्या घंगाळाची नक्कल करीत नाही. ती उघडपणे प्लास्टिकची आहे. तरीही ती कोठून आली आणि फुटल्यावर कोठे जाणार, हे ती सांगत नाही. उलट सावंतवाडीचे लाकडी फळ अथपासून इतिपर्यंत नक्कल असूनही त्याचा कारागीर, त्याचे लाकूड आणि त्याचा गाव यांचा माग ठेवते. द्रव्यनिष्ठा हा सौंदर्याचा संकेत असू शकेल, सत्याची हमी नव्हे.

६

या विवेचनाचा समीक्षेशी असलेला संबंध आता स्पष्ट करता येईल. मराठी कादंबरीच्या प्रारंभकाळातील ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि तिच्या परंपरेतील अद्भुतरम्य कथांना कृत्रिम म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे. त्या कृत्रिम आहेत यात वाद नाही. पण त्यांचा वाचक आणि त्यांचा लेखक यांच्यात एक उघड संकेत आहे. त्या लाकडी फळासारख्या आहेत. त्यांचा दोष दाखवायचा तर तो अन्यत्र, रचनेत वा भाषेत, दाखवावा लागेल. त्या ‘खोट्या’ आहेत एवढे म्हणणे पुरत नाही.

याउलट, जिच्या प्रत्येक पृष्ठावर जीवनाची हुबेहूब रेघ उमटली आहे अशा वास्तववादी कृतीकडे अधिक सावधपणे पाहायला हवे. घरातील माजघर, दिवाणखाना, बोलण्याच्या लकबी, ऋतू आणि सण सारे अचूक. मात्र त्या घरात भांडी घासणाऱ्या बाईला नाव नाही, शेताचा खंड कोठून येतो याचा पत्ता नाही. अशा कृतीचे द्रव्य अस्सल म्हणून गौरवले जाते. वस्तुतः तिच्यातील रेषा हस्तिदंताच्या नकलेप्रमाणे जरा जास्तच समांतर असतात. जीवनातील एकमेकींना छेदणारे जाळे तेथे उमटलेलेच नसते. अनुभूतीच्या अस्सलतेवर भर देणाऱ्या समीक्षेला हा दोष दिसत नाही, कारण ती सादृश्य तपासते, लपवणे तपासत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येक कृती काही ना काही वगळतेच. मग प्रत्येक वगळणे असत्य मानायचे काय? उत्तर असे की वगळणे आणि पुसणे यांत भेद आहे. चित्रकार घोड्याची दुसरी बाजू दाखवत नाही, पण ती नाही असे भासवत नाही. पुसणे तेव्हा घडते जेव्हा कृतीची परिपूर्णता त्या अनुपस्थितीवरच उभी असते आणि ती अनुपस्थिती उघड झाली तर कृतीचा सारा तोल ढळेल. हा भेद प्रत्येक वेळी सहज करता येतो असे नाही. तो करून पाहणे हेच समीक्षेचे काम आहे. निकषाचा दगड त्यासाठी अपुरा आहे. युधिष्ठिराने लाक्षागृहात जे केले त्याच्याशी हे काम अधिक जुळते : रूपावर विश्वास न ठेवता, पण रूपाला दोषही न देता, द्रव्याचा वास घेणे. आणि युधिष्ठिराला जे जमले नाही, तेही त्यात आले पाहिजे : आत कोण झोपले आहे, हे विचारणे.

‘कचकड्याच्या बाहुल्या’ हा शेरा मराठी समीक्षेने टाकून द्यावा असे नाही. मात्र तो वापरताना शब्दाचा सारा इतिहास सोबत असू द्यावा. पात्र कृत्रिम आहे एवढ्याने ते कचकड्याचे होत नाही. ज्याच्यात कासव, कापूर आणि आग यांपैकी कशाचाच माग उरू दिलेला नाही, आणि ज्याचे गोजिरेपण नेमके त्या विस्मरणातून आले आहे, ते पात्र कचकड्याचे.